निवृत्त टाकीतले मासे

बोईसर, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

आधी या वहीची क्षमा मागते. शेवटची नोंद ८ जूनची आहे आणि तीही अर्धवट: 'गळ्याशी डाव्या बाजूला गाठ लागते आहे, उद्या'. त्या 'उद्या'नंतर साडेपाच महिने मी एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर भीती लिहावी लागली असती, आणि ती वाचायची माझी तयारी नव्हती. ऑक्टोबरमध्ये गाठ काढली. गेल्या शुक्रवारी तपासणीचा कागद हाती आला. गाठ साधी आहे. कागद तीनदा वाचला, मग स्टेशनबाहेर उभं राहून दोन प्लेट भजी खाल्ली.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मृत्युपत्र करून ठेवायला हवं होतं असं वाटत राहिलं. आता घाई उरलेली नाही, म्हणूनच ते नीट लिहिता येईल. वकिलांकडे मी विचारलं आहे, साधा कागद चालतो. म्हणून याच वहीत लिहिते. ही पानं फाडून वेगळी करू नयेत.

मी, मेघाली धर्माजी सावे, वय ४६, मूळ राहणार माहीम, तालुका पालघर, सध्या राहणार बोईसर, व्यवसाय प्रयोगशाळेत विश्लेषक, आज भानावर आहे, भूल केव्हाच उतरली आहे, कोणी मला धरून बसवलेलं नाही आणि कोणाला खूश करायलाही मी हे लिहीत नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते खाली ठरवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खरं सांगायचं तर खालच्या सात कलमांपैकी सहा मी सातव्यासाठी लिहिते आहे. सातवं एका हिरव्या वहीबद्दल आहे.

कलम १. बोईसरचा माझा फ्लॅट, त्यातलं सामान आणि बँकेतली ठेव माझा भाऊ विक्रम याची मुलगी स्वरा हिला द्यावी. अट काही नाही. ती फार्मसी शिकते. मी पालघरला प्राणिशास्त्र शिकत असताना आम्ही दर आठवड्याला बेडूक कापायचो, आणि माझा हात चांगला आहे म्हणून मला इतर मुलींचेही बेडूक दिले जायचे. ते मला तेव्हा कौतुक वाटायचं. स्वराच्या कॉलेजात हे सगळं कॉम्प्युटरवर करतात. 'आत्या, आमचा बेडूक मरत नाही, हँग होतो,' असं ती म्हणाली तेव्हा मी इतकी हसले की टाके दुखले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही स्वरानेच करावी.

कलम २. माहीमच्या वाडीतला माझा वाटा विक्रमला द्यावा. नारळ आणि पानवेल त्यानेच राखली आहे, मी फक्त शहाळी प्यायला गेले. विहिरीजवळचं जांभळाचं झाड त्याने मला न विचारता तोडलं, त्याबद्दल मी चार वर्षं मनात राग धरला होता. तो या कलमाबरोबर संपला असं समजावं. झाड लावल्यास हरकत नाही.

कलम ३. आई साखरबाई हिच्या पाटल्या विक्रमची बायको सुलू हिला द्याव्यात. सुलूचं आणि माझं फारसं पटलं नाही, पण माझ्या कामाबद्दल सगळ्यात खरा प्रश्न तिनेच विचारला. एका रविवारी मी जेवताना गप्प होते. आईने कारण विचारलं. मी म्हटलं, काल टाकीतले सात मासे गेले. सुलू ताटात बोंबील वाढत होती. म्हणाली, 'वन्सं, तिकडं सात माशांचं सुतक पाळता आणि इकडं तिसरा बोंबील घेता. नक्की कोणत्या माशाच्या बाजूनं आहात तुम्ही?'

तेव्हा मला राग आला. उत्तर आजही पूर्ण येत नाही. एवढंच म्हणता येतं की बोंबील मी भुकेसाठी खाते आणि तसं कबूल करते. टाकीतला मासा मी एका प्रश्नासाठी मारते. तो प्रश्न खरा विचारला नाही, तर तो मासा कशासाठी मेला?

हे पुढं कळायला हवं म्हणून माझं काम इथे लिहिते. कारखाने सांडपाणी शुद्ध करून समुद्रात सोडतात आणि त्याचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतात. ते खरंच शुद्ध झालं का, हे बघायच्या अनेक चाचण्या आहेत. त्यातली एक माशांची. त्या पाण्याची टाकी भरायची, त्यात दहा छोटे मासे सोडायचे, चार दिवस थांबायचं. नऊ किंवा दहा जगले तर पाणी पास. गेली बावीस वर्षं ही चाचणी मी करते. समुद्रातल्या माशांसाठी टाकीतले मासे मरतात, असं मी नव्या मुलांना सांगत आले. हे वाक्य मला पटतं. म्हणूनच पुढं जे केलं ते जास्त लागतं.

कलम ४. घरातल्या दोन काचेच्या टाक्या, पंप आणि मासे वाणगावच्या सुका यांना द्यावेत. सुका तळ्यातून छोटे मासे धरून आम्हाला आणून देतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, 'ताय, हे मरतात का बगाया इकत घेता?' मी हो म्हटलं. 'मंग मी नेऊन नाल्यातच सोडतो. मेले त पानी वाईट. तुमचा तरास वाचंल.' प्रयोगशाळेतले सगळे हसले. सुका हसले नव्हते.

टाक्यांमधले मासे किती आहेत ते मोजू नये. मी मोजणं सोडलं आहे. ते कुठून आले ते सातव्या कलमात आहे.

कलम ५. माझा देह वैद्यकीय कॉलेजला शिकण्यासाठी द्यावा. ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, हे औषध आधी कोणाला दिलं असेल? ते तरुण होते, चिडले नाहीत. म्हणाले, 'उंदीर, ससे, कुत्री, मग माणसं. तुम्ही रांगेत खूप मागे आहात, मॅडम, बिनधास्त झोपा.' मी झोपले. जागी झाले तेव्हा पहिली गोष्ट आठवली ती ही रांग. माझ्यापुढच्या कोणालाही विचारलेलं नव्हतं. मी औषध नाकारलं नाही, पुन्हा वेळ आली तरी नाकारणार नाही. मला फक्त ती रांग विसरायची नाही.

देह देणं ही परतफेड नव्हे, हेही लिहून ठेवते. मेलेल्या देहाला धाप लागत नाही. मला विचारलं गेलं आणि मी हो म्हटलं, एवढाच त्यात फरक आहे. विक्रमला हे सोसणार नसेल तर त्याने माहीमला अग्नी द्यावा, त्याला कोणी दोष देऊ नये.

कलम ६. माझा सूक्ष्मदर्शक मी शिकले त्या कॉलेजला द्यावा. त्याचा डावीकडचा स्क्रू ढिला आहे, आधी तो घट्ट करावा. रोजनिशीच्या वह्या स्वराने वाचाव्यात किंवा वाचू नयेत. १९९९ सालची वाचू नये.

कलम ७. माझी स्कूटर आणि कपाटातल्या खालच्या कप्प्यातली हिरव्या पुठ्ठ्याची वही माझे सहकारी आनंदा ज्ञानू खोत, मूळ राहणार तालुका कागल, सध्या बोईसर, यांना माझ्या मृत्यूनंतर द्यावी. आनंदा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहेत आणि टाक्या धुण्यापासून मासे सोडण्यापर्यंत सगळी कामं करतात. मी त्यांना अरेतुरे करते, ते मला मॅडम म्हणतात. वहीत काय आहे ते असं:

चार दिवस तगलेले मासे पुन्हा चाचणीत वापरायचे नाहीत, असा नियम आहे. एकदा वाईट पाण्यात राहिलेला मासा त्याला सरावतो, निबर होतो. पुढच्या वेळी तो मरत नाही, म्हणून त्याच्यावरून पाणी कळत नाही. जगलेले मासे आमच्याकडे टाकून देत. मला ते बघवेना. मी मागच्या खोलीत एक टाकी ठेवली आणि तिच्यावर 'निवृत्त' अशी चिठ्ठी लावली. सगळे तिला पेन्शनरांची टाकी म्हणायचे. इथपर्यंत मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही.

२०१९च्या जूनमध्ये तळी गढूळ झाली आणि सुकांना मासे मिळेनात. नमुना आला होता. मी निवृत्त टाकीतले दहा मासे काढले आणि वापरले. दहाही जगले. पुढच्या आठवड्यात सुकांनी मासे आणले, तरी मी निवृत्तच घेतले. हे निबर आहेत, यांना काही होणार नाही, नवे कशाला मारायचे, असं मी स्वतःला सांगितलं. अहवालाच्या छापील फॉर्मवर 'मासे: नवीन साठा' अशी ओळ असते. तिच्याखाली मी सही करत राहिले. हिरव्या वहीत मात्र खरं लिहीत गेले, प्रत्येक नोंदीपुढे 'नि'. आठ महिन्यांत असे तेवीस अहवाल गेले, सगळे पास. त्या डिसेंबरात मी या रोजनिशीत लिहिलं आहे: 'सहा महिने एकही मासा दगावला नाही.' खाली दोन रेघा ओढल्या आहेत. बक्षीस मिळाल्यासारख्या.

जानेवारी २०२०मध्ये बाबांच्या वर्षश्राद्धासाठी मी चार दिवस माहीमला गेले. मागे नमुना आला. आनंदाने नियमाप्रमाणे नवे मासे घेतले. दुसऱ्या दिवशी दहाही मेले. कारखाना तोच, ज्याला मी आधी पाच वेळा पास केलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी निकाल होता तसा पाठवला. कारखान्याने आपली शुद्धीकरणाची टाकी उघडून दुरुस्त केली. म्हणजे आनंदाचे दहा मासे मेले आणि काम झालं. माझ्या आठ महिन्यांत एकही मेला नाही आणि काही झालं नाही. त्या पाच वेळी त्या पाण्याबरोबर समुद्रात काय गेलं, ते मला माहीत नाही. ते माहीत करून घेणं हेच माझं काम होतं.

मी परत आले आणि घाबरले. आधीचे पास कसे, असं सर विचारतील म्हणून मी आधीच आनंदावर ओरडले, सगळ्यांसमोर. 'मला न विचारता नवे मासे घ्यायला कोणी सांगितलं? आणि पिशवी पाण्यात किती वेळ तरंगत ठेवली होतीस?' नवे मासे येतात ते पिशवीसकट टाकीत तरंगत ठेवायचे असतात, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं होतं. वीस मिनिटं पुरतात. त्याने वीस मिनिटंच ठेवली होती. मी मान हलवली, जणू ते कमी होतं. परवानगीशिवाय नवा साठा वापरला असा मेमोही लिहिला. पुढच्या वर्षी सहायकाची जागा निघाली, ती त्या मेमोमुळे दुसऱ्याला गेली.

त्या दिवसापासून आनंदा पिशवी तासभर तरंगत ठेवतो आणि शेजारी स्टुलावर बसून राहतो. मी रोज ते बघते. निवृत्त टाकीतले मासे मी नंतर घरी आणले, कलम ४ मधले ते हेच.

माझ्यामागे ही वही आनंदाने सरांना दाखवावी, मेमो रद्द करून घ्यावा आणि तेवीस अहवालांचं काय करायचं ते सरांनी ठरवावं.

(कलम ७ वर एक तिरकी रेघ मारून ते रद्द केलं आहे. मजकूर वाचता यावा म्हणून काळा केलेला नाही. रेघेपाशी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे. ते का खोडलं ते पुढे लिहिते, नाहीतर कोणी म्हणेल की जबरदस्ती झाली.)

दुपारी चार वाजता साक्षीसाठी दोघांना बोलावलं होतं. शेजारच्या जमनाबाई तामोरे, ज्यांनी पालघरला वकिलाकडे तीस वर्षं टायपिंग केलं, आणि आनंदा. आनंदाला का बोलावलं, हे मी आज सकाळपासून स्वतःला विचारते आहे. साक्षीदाराने सही करायची असते, वाचायचं नसतं, हे मला माहीत होतं. मला बहुतेक त्याची सही त्या कबुलीखाली हवी होती, कबुली न देता. हे लिहितानाही लाज वाटते.

जमनाबाईंनी चष्मा लावला आणि सवयीने सगळं चाळलं. सातव्याशी थांबल्या.

'मेघाली, ज्याला देतेस त्याचीच साक्ष घेतेस? असा नाय चालत. उद्या कोण कोर्टात उभा राहिला, तर पहिला हाच प्रश्न विचारील.'

'मला काय मिळतंय?' आनंदाने विचारलं.

'स्कूटर हाय. नि कसलीशी वही.'

'स्कूटर?' तो खूश झाला. 'बघू की.' आणि जमनाबाईंनी परत दिलेली ही मृत्युपत्राची वही माझ्या हातातून गेली. मी हात पुढे केला, पण ओढली नाही. तेवढं मी केलं नाही.

तो सावकाश वाचतो, ओठ हलवत. जमनाबाईंनी मला खूण केली, काय झालं? मी उठून चहा टाकला. चहा उकळून कपात ओतला तरी तो वाचत होता. मग त्याने वही उलटी करून मांडीवर ठेवली.

'मॅडम, ह्ये मला कवा कळणार व्हतं?'

'मी गेल्यावर.'

'आन मी तुमच्यापरीस नऊ वर्सांनी मोठा. मीच आधी गेलो तर?'

याचा मी विचारच केला नव्हता. साडेपाच महिने मी स्वतःच्या मरणाकडे इतकी टक लावून बसले होते की दुसरं कोणी आधी मरू शकतं, हे सुचलं नव्हतं.

'आणि हिचा रिपोर्ट चांगला आलाय,' जमनाबाई म्हणाल्या. त्यांना अजून सगळं कळलं नव्हतं. 'ही काय आता लवकर मरत नाय. तुला वाट बगाया लागंल, आनंदा.'

आनंदा हसला. मला हसता आलं नाही. मग त्याने विचारलं, 'म्हंजे पिशवी बरोबर ठेवली व्हती मी?'

'बरोबर ठेवली होती. वीस मिनिटं. तेवढीच लागतात.'

'मला वाटायचं, निम्मं पाण्याचं आन निम्मं माझं.'

'तुमचं काही नव्हतं.' बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना तुम्ही म्हटलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

'सा वर्सं त्या स्टुलावर तास तास बसलो की वो,' ते म्हणाले. 'पायाला मुंग्या यायच्या.' त्यांनी पाय लांब केले. 'तरी पण मासं दचकत न्हाईत तासभर ठेवल्यावर. त्ये मी बघितलंय.'

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला. 'हितं नको, मॅडम. ओरडला तवा सगळे व्हते. बोलायचं तर सायबांपुढं बोला.' मग कप उचलला. 'आन स्कूटर द्यायची असली तर आत्ताच द्या. तुमी मेल्यावर मला चालवायला गुडघे ऱ्हातील का?'

जमनाबाईंना मग सगळं सांगितलं. त्यांचे भाऊ-भाचे अजून होडीवर जातात. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत सांगितलं. 'तू वाईट नाय, मेघाली,' त्या म्हणाल्या, 'पण तू टाकीपुरती चांगली होतीस.' आणि पेन पुढे केलं. 'ते सात नंबरचा खोड. बाजूला सही कर, आमची पण घे. मग हा साक्षीदार म्हणून चालतो.'

मी रेघ मारली. सरळ आली नाही. स्कूटरची किल्ली आनंदांना दिली, कागद नावावर करायला पुढच्या आठवड्यात जाऊ.

सर मला काढून टाकतील की नाही, तेवीस अहवालांमुळे आणखी काय होईल, मला माहीत नाही. परवाना, चौकशी, काहीही होऊ शकतं. तरी गाठ साधी आहे हे कळलं तेव्हा जसा श्वास आला होता, तसाच आत्ता येतो आहे. तेव्हा तो आयता मिळाला होता. या वेळी निदान सही तरी मी केली.

उरलेली सहा कलमं कायम. वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केल्या. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

लिहून ठेवणार: मेघाली धर्माजी सावे (सही)

साक्षीदार १: जमना हरेश्वर तामोरे, बोईसर (सही)

साक्षीदार २: आनंदा ज्ञानू खोत, बोईसर (सही; खाली त्यांच्याच अक्षरात: 'सर्व वाचले')

स्थळ: बोईसर. दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सहा.

उद्याचं काम: साडेनऊला, सगळे आल्यावर, आनंदांच्या शेजारी उभं राहून हिरवी वही सरांच्या टेबलावर ठेवणे.